ल्यूथरची मरिया

आमच्या घरी मार्टिन ल्यूथर म्हणजे जवळजवळ घरातलाच माणूस. दरवर्षी ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी आमचे पाळकसाहेब उपदेशात त्याची गोष्ट सांगायचे. जर्मनीतला एक मठवासी, हातोडा, चर्चचं दार आणि पंच्याण्णव मुद्दे. त्या गोष्टीत मरिया कुठंच नसायची. त्यामुळं माझी पक्की समजूत होती की ल्यूथरनं पोपची सत्ता झिडकारली, पापमुक्तिपत्रं नाकारली आणि त्याच झटक्यात मरियेलाही चर्चबाहेर नेऊन ठेवलं.

मग बेळगाव सोडून इथं हॉस्टेलवर आलो. खोलीत सोबतीला आला गोव्यातला एक कॅथलिक मुलगा. रात्री दिवा मालवण्याआधी तो कॉटवर बसून हळू आवाजात कोकणीत तेर्स म्हणायचा, म्हणजे जपमाळेची प्रार्थना. त्यांच्या वाड्यावर सायबीण घरोघर जाते, एकेका घरी एकेक रात्र मुक्काम करते, हे तो इतक्या कौतुकानं सांगायचा की ती त्याची आजीच असावी. पहिल्याच सत्रात आमची जुंपली. मी म्हटलं, तारण फक्त विश्वासानं होतं, मध्ये कुणाची चिठ्ठी लागत नाही. तो म्हणाला, मुलाच्या घरी जेवायला जाता आणि दारात उभ्या असलेल्या आईला नमस्कारही करत नाही, ही कुठली रीत? दोन दिवस आम्ही एकमेकांशी बोललो नाही. गंमत अशी की ल्यूथर मरियेच्या विरोधात होता, यावर मात्र आमचं दोघांचं एकमत होतं. तेवढं तरी तपासून बघू म्हणून मी ल्यूथर वाचायला घेतला आणि आमचं एकमेव एकमत तिथंच ढासळलं.

ल्यूथर जन्मला १० नोव्हेंबर १४८३ रोजी, आइस्लेबेन या गावी. वडील हान्स शेतकऱ्याच्या घरातले, पण तांब्याच्या खाणी आणि भट्ट्यांच्या धंद्यात शिरून वर आलेले. पोरानं वकील व्हावं, चांगल्या घरात लग्न करावं आणि म्हातारपणी आपल्याला सांभाळावं, एवढं साधं गणित. आपल्याकडच्या कुठल्याही बापाचं असतं तेच. एर्फुर्टच्या विद्यापीठात मुलगा शिकत होता. एकदा घरी जाताना कमरेची तलवार त्याच्याच मांडीत घुसली, रक्तवाहिनी तुटली. सोबतचा मित्र वैद्याला आणायला शहराकडं धावला आणि हा वाटेवर एकटा, जखम बोटांनी दाबून पडलेला. तेव्हा त्यानं हाक मारली ती मरियेला. रात्री अंथरुणात जखम पुन्हा फुटली, तेव्हाही मरियेलाच. पुढं म्हातारपणी जेवणाच्या टेबलावर ही आठवण सांगताना तो म्हणायचा की त्या दिवशी मेलो असतो तर मरियेच्या भरवशावर मेलो असतो. यात कौतुक नव्हतं, खंत होती. ती खंत कशाची, हे कळलं की पुढचा सगळा वाद कळतो.

२ जुलै १५०५ ला श्टोटर्नहाइम गावाजवळ वादळात तो सापडला. जवळच वीज कोसळली. घाबरून त्यानं संत ॲनला नवस केला की वाचलो तर मठात जाईन. संत ॲन म्हणजे मरियेची आई, आणि खाणकामगारांची आश्रयदाती. खाणवाल्याच्या पोराच्या तोंडी तेच नाव येणार. दोन आठवड्यांनी तो एर्फुर्टच्या ऑगस्टिनियन मठात दाखल झाला. वडील भयंकर संतापले. दोन वर्षांनी पहिल्या मिस्सेला आले खरे, पण जेवताना सगळ्यांसमोर त्यांनी विचारलं, की आईबापाचा मान राखण्याची आज्ञा तू वाचली नाहीस का, आणि ती वीज देवाचीच होती हे कशावरून?

मठात तो समाधानी नव्हता. उपास, जागरणं, थंडीत पांघरुणाविना झोपणं, हे सगळं केलं. पापनिवेदनाला बसला की तासन् तास उठायचा नाही, आणि उठून गेल्यावर एखादं पाप सांगायचं राहिलं म्हणून परत यायचा. त्याचे वरिष्ठ योहान फॉन श्टाउपित्स भले गृहस्थ, पण तेही थकायचे. ल्यूथरला भीती होती ती ख्रिस्ताची. त्या काळच्या चित्रांत ख्रिस्त इंद्रधनुष्यावर न्यायाधीश म्हणून बसलेला असायचा आणि खाली मरिया माणसांसाठी त्याची विनवणी करत असायची. कोवळ्या मनानं त्यातून काय घ्यावं? मुलगा कडक आहे, आई मायाळू आहे, तर आईकडं पळा. ल्यूथर तसाच पळत होता. त्याची खंत होती ती ही. मरियेवर राग नव्हता. तिच्या पदराआड लपावं लागावं इतका ख्रिस्त भयंकर करून ठेवला होता, हे त्याचं दुखणं होतं.

१५१२ मध्ये तो विटेनबर्गला डॉक्टर झाला आणि बायबल शिकवू लागला. १५१५-१६ मध्ये रोमकरांस पत्रावर व्याख्यानं दिली. त्या पत्रातल्या देवाचं नीतिमत्त्व या शब्दांपाशी तो अडला होता. नीतिमत्त्व म्हणजे ज्या मापानं देव आपल्याला तोलतो आणि कमी भरल्यावर शिक्षा करतो ते, असंच त्याला शिकवलं गेलं होतं. हळूहळू त्याला वाटू लागलं की इथं अर्थ उलटा आहे. देव जे मागतो ते नव्हे, तर देव जे देऊन टाकतो ते. माणूस नीतिमान ठरतो तो काही कमावून नाही, दिलेलं घेऊन. विश्वास म्हणजे हे घेणारा हात. आमच्या पाळकसाहेबांच्या उपदेशात हे दहा शब्दांत उरकायचं. ल्यूथरला मात्र दहा वर्षं लागली, आणि त्यात त्याची तब्येत कायमची बिघडली.

पापमुक्तिपत्रांची हकीगत शाळेच्या पुस्तकात असते, म्हणून थोडक्यात. त्या वेळची शिकवण अशी होती की पापनिवेदनात पापाची क्षमा मिळते, पण त्याचा काही दंड उरतो आणि तो मेल्यावर परगेटरीत भोगावा लागतो. पत्र होतं त्या दंडाच्या माफीचं. विकणाऱ्यांनी बाजारात ही बारीक रेघ पुसून टाकली. आर्चबिशप आल्ब्रेख्तनं पद मिळवायला फुगर सावकारांकडून कर्ज काढलेलं, त्यामुळं निम्मे पैसे सावकाराला आणि निम्मे रोममध्ये संत पेत्राच्या चर्चच्या बांधकामाला. ३१ ऑक्टोबर १५१७ ला ल्यूथरनं आपले ९५ मुद्दे याच आर्चबिशपला पत्रासोबत पाठवले, हे नक्की. दारावर खिळे ठोकले का, यावर इतिहासकारांचं एकमत नाही. (पाळकसाहेबांना हे मी अजून सांगितलेलं नाही.) विटेनबर्गचा राजा फ्रीडरिखही काही कमी नव्हता. त्याच्याकडं १९ हजारांवर पवित्र अवशेष होते. त्यांत मरियेच्या दुधाचे म्हणून जपलेले थेंबही होते. सगळ्यांचं दर्शन घेतलं तर परगेटरीतली १९ लाख वर्षं माफ, असा हिशोब होता. आणि याच राजानं पुढं ल्यूथरचा जीव वाचवला.

आता मला सर्वांत आवडलेला भाग. १५२१ चं वर्ष. जानेवारीत पोपनं ल्यूथरला बहिष्कृत केलं. एप्रिलमध्ये वर्म्स शहरात सम्राटासमोर त्याला उभं राहायचं होतं. जिवंत परत येण्याची खात्री नव्हती, कारण शंभर वर्षांपूर्वी यान हुसला असंच अभय देऊन बोलावलं आणि जाळलं होतं. अशा महिन्यांत हा माणूस टेबलाशी बसून काय लिहीत होता? मरियेच्या गीतावर भाष्य. गरोदर मरिया अलीशिबेला भेटायला गेली तेव्हा तिनं गायलेलं, लूकच्या पहिल्या अध्यायातलं ते गीत. मठात रोज सायंप्रार्थनेत गायलेलं, म्हणून तोंडपाठ. अर्धं भाष्य वर्म्सच्या आधी झालं. तिथं त्यानं माघार घ्यायला नकार दिला, सम्राटानं त्याला कायद्याबाहेर टाकलं, फ्रीडरिखच्या माणसांनी वाटेत त्याला पळवून नेल्याचं नाटक केलं आणि वार्टबुर्गच्या किल्ल्यात लपवलं. दाढी वाढवून, सरदाराचे कपडे घालून त्यानं उरलेलं भाष्य तिथं पुरं केलं.

त्या भाष्यातली मरिया राणी नाही. नासरेथमधली एक साधी पोर, जिला कुणी विचारत नव्हतं. देवदूत येऊन गेल्यावरही ती पूर्वीसारखीच घरकाम करते, रांधते, भांडी घासते, गायीचं दूध काढते. गीतात ती म्हणते की देवानं आपल्या दासीच्या दैन्याकडं पाहिलं. जुने टीकाकार इथं नम्रता हा सद्गुण वाचत, म्हणजे मरिया इतकी नम्र होती म्हणून देवानं तिला निवडलं. ल्यूथर म्हणतो, नाही. जो स्वतःच्या नम्रतेचं कौतुक सांगतो तो नम्र कसला? ती बोलते आहे ती आपल्या क्षुल्लकपणाबद्दल. आणि वाक्यातला जोर दैन्यावर नाहीच, पाहिलं या क्रियापदावर आहे. देवानं पाहिलं, एवढीच तिची थोरवी.

हे वाचलं आणि मी थबकलो. तारण विश्वासानं होतं हे ल्यूथरला जिथं सर्वांत स्पष्ट दिसलं, ते उदाहरण मरियेचं होतं. तिच्या हातात काहीच नव्हतं. तिनं फक्त ऐकलं आणि मानलं. मी ज्या दोन गोष्टी एकमेकींच्या विरुद्ध उभ्या करून मित्राशी भांडत होतो, त्या याच्या लिखाणात एकाच जागी होत्या. तो तिला देवाची आई म्हणतो, बिनदिक्कत म्हणतो. आणि भाष्याच्या शेवटी, ख्रिस्तानं आपल्या प्रिय आईच्या मध्यस्थीनं हे समजण्याची कृपा द्यावी, अशी प्रार्थनाही करतो. आमच्या चर्चमध्ये हे कुणी वाचून दाखवलं तर खुर्च्या सरकतील.

मी हे रात्री मित्राला सांगितलं. त्याला वाटलं जिंकलो. पण पुढं वाचल्यावर त्याचीही पंचाईत झाली. कारण ल्यूथर तिथं थांबला नाही. १५२२ च्या प्रार्थनापुस्तकात त्यानं नमो मरिया ठेवली, पण ती मागणं नसून स्तुती आहे असं बजावलं. (आज तिच्या शेवटी जी विनवणी आहे ती तेव्हा सगळीकडं रूढ झालेली नव्हती.) जे ख्रिस्ताचं आहे, दया, आशा, जीवन, ते मरियेला बहाल करणारी स्तोत्रं त्याला खुपू लागली. संतांची मध्यस्थी मागणं पुढं त्यानं सोडूनच दिलं. मित्राचं म्हणणं असं की आपण एकमेकांना माझ्यासाठी प्रार्थना कर असं सांगतोच ना, मग स्वर्गातल्यांना का नाही? प्रश्न वाजवी आहे. ल्यूथरचं उत्तर तर्कापेक्षा जखमेतून येतं असं मला वाटतं. मांडीत तलवार घुसलेला तो पोरगा ख्रिस्ताला हाक मारायला घाबरला होता. पुन्हा कुणी तसं घाबरू नये, यासाठी तो मधली प्रत्येक पायरी उखडत गेला. ज्याला ती भीती कधी वाटलीच नाही, माझ्या मित्रासारख्या, आईचा हात धरून मुलाकडं सहज जाणाऱ्या माणसाला, हे उखडणं उगाच वाटणार.

आपलं मंडळ वाङ्मयाचं, तेव्हा भाषांतराची हकीगत सांगितलीच पाहिजे. वार्टबुर्गमध्येच त्यानं सुमारे अकरा आठवड्यांत नवा करार जर्मनमध्ये उतरवला. तो सप्टेंबर १५२२ मध्ये छापला गेला आणि लगेच दोन शब्दांवरून आरडाओरड सुरू झाली. पहिला रोमकरांस पत्राच्या तिसऱ्या अध्यायातला. माणूस विश्वासानं नीतिमान ठरतो, असं मूळ ग्रीकमध्ये आहे. ल्यूथरनं लिहिलं, फक्त विश्वासानं. फक्त हा शब्द मुळात नाही. दुसरा शब्द देवदूताच्या अभिवादनातला. लॅटिन बायबलात मरिया कृपेनं पूर्ण अशी होती. ल्यूथरनं जर्मनमध्ये तिला गोड, लाडक्या अशा अर्थाचा शब्द वापरला.

१५३० मध्ये आउग्सबुर्गला मोठी परिषद भरली. कायद्याबाहेरचा म्हणून ल्यूथरला तिथं जाता येईना, तो कोबुर्गच्या किल्ल्यात थांबला. तिथंच वडील गेल्याची बातमी आली. त्याच मुक्कामात सप्टेंबरमध्ये त्यानं भाषांतरावर एक खुलं पत्र लिहिलं, आणि या दोन्ही शब्दांचा खुलासा त्या एकाच पत्रात आहे. फक्त या शब्दाबद्दल तो म्हणतो की हा जर्मन भाषेचा स्वभाव आहे. शेतकरी धान्य आणतो, पैसे नाही, असं सांगायचं तर जर्मन माणूस म्हणतो, फक्त धान्य आणतो. भाषा कशी बोलावी हे लॅटिन अक्षरांना नाही, घरातल्या बाईला, रस्त्यावरच्या पोरांना, बाजारातल्या माणसाला विचारायचं. कृपेनं पूर्ण याबद्दल त्याची थट्टा अशी की जर्मन माणसाला पूर्ण म्हटलं की बिअरनं भरलेलं पिंप नाही तर पैशानं भरलेली थैली आठवते. देवदूत जर्मन बोलला असता तर नुसतं प्रिय मरिये म्हणाला असता. एम्झर नावाच्या विरोधकानं त्याचंच भाषांतर थोडं बदलून १५२७ मध्ये आपल्या नावावर छापलं होतं, त्यावरही तो यथेच्छ तोंडसुख घेतो. उचलेगिरी आजचीच नाही.

पण मला त्याचा पहिला खुलासा सगळा पटत नाही. फक्त हा शब्द नुसता भाषेसाठी आलेला नाही, तो त्याच्या मठातल्या दहा वर्षांतून आलेला आहे. तसं तो पुढं त्याच पत्रात कबूलही करतो. आणि पंचाईत अशी की बायबलमध्ये फक्त विश्वास हे शब्द एकत्र येतात ते याकोबाच्या पत्रात, आणि तिथं ते नाकारण्यासाठी येतात. ल्यूथरला ते पत्र आवडायचं नाही. १५२२ च्या प्रस्तावनेत त्यानं त्याला गवताच्या काडीच्या पंक्तीला बसवलं, नंतरच्या आवृत्त्यांत ते वाक्य काढलं. सत्कर्मं नकोत असं मात्र तो कधीच म्हणाला नाही. झाड आधी चांगलं होतं, मग फळ चांगलं येतं, एवढंच त्याचं म्हणणं.

बाकीचं आयुष्य भराभर सांगतो. १५२५ मध्ये त्यानं काटारीना फॉन बोरा या मठ सोडलेल्या धर्मभगिनीशी लग्न केलं. घर, शेत, बिअरची भट्टी आणि नवरा, सगळं तिनंच चालवलं. सहा मुलं झाली. तेरा वर्षांची मॅग्डालेना १५४२ मध्ये त्याच्या हातांत गेली. त्याच १५२५ साली शेतकऱ्यांनी बंड केलं, तेव्हा त्यानं सरदारांना त्यांना कापून काढायला सांगितलं. हजारोंनी लोक मारले गेले. १५२३ मध्ये, मरियेचं कौमार्य तू नाकारतोस असा आरोप झाला तेव्हा, येशू जन्मानं यहुदी होता हे सांगणारं पुस्तक लिहून यहुद्यांशी मायेनं वागा म्हणणारा हाच माणूस १५४३ मध्ये त्यांची सभास्थानं जाळा असं लिहितो. चारशे वर्षांनी नाझींनी ते पान हौसेनं छापलं. आमच्याकडच्या ऑक्टोबरच्या उपदेशात हेही नसतं. असायला हवं.

१८ फेब्रुवारी १५४६ ला तो आइस्लेबेनलाच वारला, जिथं जन्मला तिथं. पुढच्याच जानेवारीत ट्रेंटच्या परिषदेनं नीतिमान ठरण्याविषयीचा ठराव केला. त्यात फक्त विश्वास हे मत नाकारलं. पण त्याच ठरावाचं पहिलंच कलम असं आहे की कृपेशिवाय केवळ आपल्या कर्मांनी माणूस नीतिमान ठरतो असं म्हणणाराही चुकतो. मित्रानं हे मला दाखवलं तेव्हा मी ते दोनदा वाचलं, कारण कॅथलिक लोक कर्मांनी तारण विकत घेतात असं मी लहानपणापासून ऐकत आलो होतो. ३१ ऑक्टोबर १९९९ ला आउग्सबुर्गमध्येच ल्यूथरन आणि कॅथलिक प्रतिनिधींनी या विषयावर एका संयुक्त निवेदनावर सह्या केल्या. २००६ मध्ये मेथडिस्टही त्यात आले, म्हणजे आमच्या घरचे. मरियेचा प्रश्न त्यानं सुटला नाही. १८५४ आणि १९५० मध्ये पोपनं मरियेविषयी जाहीर केलेल्या दोन सिद्धांतांनी तो उलट अवघडच झाला आहे.

आम्ही दोघांनी आमची बायबलं शेजारी ठेवून पाहिली. माझ्या मराठी बायबलात देवदूत मरियेला कृपा पावलेली म्हणतो. त्याच्या कोकणी प्रार्थनेत ती कृपेनं भरलेली आहे. पावणं आणि भरणं, यावरून परत रात्रीचा एक वाजला. पण या वेळी दुसऱ्या दिवशी आम्ही बोलत होतो.

शेवटी एक तारीख. ल्यूथरनं मरियेचे काही सण बंद केले, काही ठेवले. ठेवलेल्यांत एक होता मरियेच्या भेटीचा, अलीशिबेच्या घरी तिनं ते गीत गायलं त्या दिवसाचा. तो सण २ जुलैला यायचा, म्हणजे श्टोटर्नहाइमला वीज पडली त्याच तारखेला. त्या दिवशी तो पुढंही प्रवचनं देत राहिला. जर्मनीत हा सण अजून २ जुलैलाच असतो. बाकी कॅथलिक चर्चनं तो १९६९ मध्ये ३१ मेवर नेला. मित्र म्हणतो, ३१ मे म्हणजे सुट्टी, तेव्हा गावी ये, आमच्या वाड्यावर तेर्स असतो. मी हो म्हटलंय. आईला अजून विचारायचंय.